शिक्का खरा, मजकुराचे काय?

गेल्या पावसाळ्यात म्हापशाला, न्यायालयाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी पाळीची वाट पाहत उभा होतो. माझ्या पुढच्या वयस्कर गृहस्थांनी मोबाईलवर आलेला एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीचा, उतारा छापून घेतला. त्याच्या तळाशी डिजिटल सहीचा चौकोन होता आणि त्या चौकोनावर पिवळे प्रश्नचिन्ह उमटले होते. सहीच बनावट असेल काय, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली, तेव्हा सगळ्यांचे कागद असेच निघतात, असे सांगून दुकानदाराने पैसे घेतले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुकानदाराचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण ते प्रश्नचिन्ह का उमटते हे समजून घेण्याजोगे आहे. डिजिटल सही करणाऱ्या अधिकाऱ्याजवळ पेन ड्राइव्हसारखे एक टोकन असते आणि त्यात त्याची गुप्त किल्ली असते. फाईलच्या मजकुरावरून गणिताने एक ठरावीक लांबीचा आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. या हॅशवर गुप्त किल्लीने प्रक्रिया केली की सही तयार होते आणि तिच्या जोडीची जाहीर किल्ली वापरून ती कोणालाही पडताळता येते. ती जाहीर किल्ली त्याच अधिकाऱ्याची आहे याची ग्वाही परवानाधारक प्रमाणन संस्था देते, आणि त्या संस्थेची ग्वाही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये नेमलेले केंद्र सरकारचे नियंत्रक देतात. विश्वासाची साखळी तेथे संपते. मात्र फाईल उघडणाऱ्या परदेशी सॉफ्टवेअरजवळ विश्वासार्ह संस्थांची स्वतःची वेगळी यादी असते. भारतीय साखळीचे मूळ त्या यादीत सापडले नाही, तर कायद्याने पूर्ण वैध असलेल्या सहीवरही ते सॉफ्टवेअर शंका घेते. संसदेने ज्या सहीला मान्यता दिली, तिला पडद्यावर हिरवी खूण मिळावी की पिवळी, हे दूरच्या एका कंपनीच्या यादीवर ठरते. गंमत अशी की कागदावर छापताच हा सगळा प्रश्न निकालात निघतो, कारण सही फाईलमधल्या आकड्यांत असते आणि कागदावर येते ते केवळ तिचे चित्र. ते गृहस्थ पिशवीत घालून घेऊन गेले त्या कागदावर पडताळण्याजोगी सही नव्हतीच.

माहिती तंत्रज्ञान आणि कायदा एकमेकांना कसे वळण लावतात, हे पाहायचे तर हॅशइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला हॅश २५६ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक), लिहिताना ६४ चिन्हांचा असतो. फाईल एका ओळीची असो किंवा तासाभराचे चित्रीकरण असो, लांबी तेवढीच. रिकाम्या फाईललाही हॅश असतो. उताऱ्यातला सर्व्हे क्रमांक ४५/१ चा ४५/७ केला, बाकी एका बिंदूलाही हात लावला नाही, तरी नवा हॅश जुन्याशी काडीचे साम्य दाखवत नाही. सरासरीने निम्मे बिट उलटतात. त्यामुळे जप्तीच्या वेळी नोंदवलेला हॅश आणि खटल्याच्या वेळी काढलेला हॅश जुळले, तर मधल्या काळात फाईलला कोणी हात लावलेला नाही, असे खात्रीने म्हणता येते.

कायद्यापुढे खरी पंचाईत उभी राहते ती या तंत्राचे नाव घेताना. २००० च्या कायद्याखालच्या नियमांनी डिजिटल सहीसाठी हॅश काढण्याच्या एमडी-५ आणि एसएचए-१ या दोन पद्धतींची नावेच लिहून ठेवली होती. २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दोन वेगवेगळ्या मजकुरांचा एमडी-५ हॅश एकच येऊ शकतो, हे प्रत्यक्ष करून दाखवले. २०१७ मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी एसएचए-१ ची तीच गत केली आणि सारखाच हॅश असलेल्या दोन निराळ्या पीडीएफ फाईली जगापुढे ठेवल्या. मधल्या काळात आपले नियम बदलले आणि २००८ च्या दुरुस्तीने कायद्याला एका ठरावीक तंत्राशी न बांधणारी ‘इलेक्ट्रॉनिक सही’ ही व्यापक संज्ञाही आली. असे असूनही जुन्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या अनुसूचीत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा जो नमुना आहे, त्यात हॅशची पद्धत निवडण्याच्या चौकटींमध्ये एसएचए-२५६ च्या शेजारी एसएचए-१ आणि एमडी-५ अजून बसलेले आहेत.

ही निव्वळ चूक आहे, असे मी म्हणणार नाही. वरच्या दोन्ही प्रयोगांत हल्ला करणाऱ्याने दोन्ही फाईली स्वतःच घडवल्या होत्या. आधीच अस्तित्वात असलेल्या फाईलचा हॅश घेऊन त्याच्याशी जुळणारी दुसरी फाईल बनवणे ही फार निराळी आणि फार अवघड गोष्ट असून एमडी-५ च्या बाबतीतही ती आजवर व्यवहारात साधलेली नाही. त्यामुळे पोलिसांनी जप्त केलेल्या हार्ड डिस्कचा जुन्या पद्धतीने काढलेला हॅश लगेच कुचकामी ठरत नाही. पण करारनामा तयार करणाऱ्यानेच आधीपासून त्याच्या दोन आवृत्त्या घडवल्या असतील, तर एमडी-५ च्या भरवशावर राहणारा फसेल. कोणती पद्धत कोणत्या कामाला चालते, हा भेद नमुन्यातल्या चौकटीत मावत नाही, आणि तो समजावून सांगण्याचे काम शेवटी वकिलावर आणि तज्ज्ञावर येते.

प्रमाणपत्राचा इतिहासही असाच वळणावळणाचा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात २००० साली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्राची अट घालणारे जे कलम ६५-ब घातले गेले, त्याची शब्दरचना बरीचशी इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातून घेतली होती, आणि ती तरतूद इंग्लंडने स्वतः १९९५ मध्येच मोडीत काढली होती. आपल्याकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राविनाही पुरावा चालेल म्हटले, २०१४ मध्ये ते अनिवार्य ठरवले आणि २०१८ मध्ये पुन्हा सैल केले. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी हा घोळ मिटला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले का, याचे उत्तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रीकरणात होते आणि वारंवार मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. प्रमाणपत्र हवेच, मात्र मूळ यंत्राचा मालक स्वतः ते यंत्र घेऊन साक्षीला उभा राहिला तर त्याची गरज नाही, असे न्यायालयाने ठरवले. नव्या अधिनियमाने त्यात भर घातली असून प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा आहे. एखाद्या बारमालकाच्या डीव्हीआरमधले, म्हणजे सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातले, चित्रीकरण पोलिसांना हवे असते, तेव्हा ही तरतूद किती जड पडते ते कळते. त्या यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे मागे असते, जागा भरली की जुने चित्रीकरण पुसून त्यावर नवे चढते, आणि हॅश हा शब्द मालकाने कधी ऐकलेला नसतो.

तरीही ही कटकट नको, असे वाटणाऱ्यांनी इंग्लंडकडे पाहावे. तेथे १९८४ च्या एका कायद्यानुसार फौजदारी खटल्यात संगणकाचा कागद पुढे करायचा, तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ही अट काढून टाकली आणि संगणक बरोबरच चालतो हे गृहीत धरले जाऊ लागले. त्याच सुमारास ब्रिटिश टपाल खात्यात होरायझन ही हिशेबाची संगणकप्रणाली बसवली जात होती. तिच्यातल्या दोषांमुळे हिशेबात तूट दिसली आणि १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक टपालकेंद्रचालक चोरी व अफरातफरीच्या आरोपांत दोषी ठरले. यंत्र चुकते हे सिद्ध करण्याचे ओझे ज्यांच्यावर पडले, त्यांच्या हातात यंत्राचे आतले काहीच नव्हते. त्यांतल्या बहुतेकांच्या शिक्षा रद्द करण्यासाठी अखेर मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला.

गोव्यात हा प्रश्न निराळ्या दारातून येतो. आपल्याकडे जमिनीची मालकी सांगताना एक-चौदा पुरत नाही. पोर्तुगीजकालीन नोंदणीच्या वह्या, विक्रीखते, इन्व्हेंतारियो (वारसांतल्या वाटणीची न्यायालयीन कागदपत्रे) आणि कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची, दप्तरे चाळावी लागतात. अशाच जुन्या दस्तांत बनावट पाने घुसवून परदेशी स्थायिक झालेल्यांच्या किंवा निर्वारस मेलेल्यांच्या जमिनी लाटल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारने २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग बसवला. यावर सगळी दप्तरे स्कॅन करून त्यांना हॅशचे कुलूप घाला, हा उपाय लोक सहज सुचवतात. तो आवश्यक आहेच. पण हॅश सांगतो ते एवढेच की स्कॅन झाल्यापासून या पानात बदल झालेला नाही. न्यायालयाचा प्रश्न मात्र त्याआधीच्या सत्तर-ऐंशी वर्षांचा असतो. बनावट पान स्कॅन होण्याआधीच वहीत शिरले असेल, तर त्याचाही हॅश तितकाच चोख निघेल, आणि पुढच्या प्रत्येक पडताळणीत ते पान अस्सल पानांइतक्याच सहजपणे उत्तीर्ण होईल. म्हणून स्कॅनरखाली ठेवण्यापूर्वी वहीची शिवण उसवून पुन्हा घातलेली आहे का, पानांचे क्रमांक सलग आहेत का, शाई आणि अक्षर शेजारच्या पानांशी जुळते का, आणि जमिनीच्या वर्णनाच्या वहीतल्या नोंदीला मालकीच्या वहीत जोड आहे का, हे पोर्तुगीज वाचता येणाऱ्या माणसाने पान उलटून पाहावे लागते. अशी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि त्यांनी काय पाहिले याची नोंद करायला स्कॅनच्या फाईलमध्ये सहसा रकानाही नसतो.