रडणं थांबलं, दुखणं थांबलं का? सीमाभागातल्या मुलांच्या वेदनेची पार्श्वभूमी

खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या आरोग्य उपकेंद्रांत लसीच्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर येतं : "गप बस, नाहीतर बाई अजून एक सुई टोचतील." आई म्हणते, आजी म्हणते, कधी सिस्टरही म्हणतात. पोर धसक्यानं गप्प होतं आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम. मुलांच्या दुखण्यावरच्या उपचारांचा आपला इतिहास बराचसा असाच आहे. भर रडणं बंद पाडण्यावर. दुखण्याचं काय झालं, हे नंतर कुणी विचारलं तर विचारलं.

बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा या इलाख्यात तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल सर्रास होती. 1893 मध्ये नेमलेल्या अफू आयोगापुढे तिचा विषय निघाला आणि 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पाहण्यांतही अफूच्या 'बाळगोळी'ची नोंद झाली. कामावर जाणारी आई गोळी चाटवायची, पोर दिवसभर निपचित पडायचं. खेड्यात याच्या जोडीला घरगुती इलाज होते. बेंबीभोवती हिंगाचा लेप, तव्यावर शेकलेली ओव्याची पुरचुंडी, घुटी. यातलं शेकणं बिचारं निरुपद्रवी, थोडा आरामही देणारं. पण पोटफुगीवर बिब्ब्याचा चटका किंवा तापल्या लोखंडाचा डाग म्हणजे एका दुखण्यावर दुसरं दुखणं. डाग दिल्यावर पोर रडून रडून थकतं, मलूल होतं, आणि 'गुण आला' असं ठरतं. आजीला दोष देऊन उपयोग नाही. कणकुंबी-जांबोटीच्या रानात पावसाळ्यात डॉक्टर गाठणं म्हणजे काय, हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

शिकलेले डॉक्टर तरी वेगळं काय करत होते? नवजात बाळाच्या मज्जासंस्थेची वाढ अपुरी असते, म्हणून त्याला वेदना फारशा कळत नाहीत, ही समजूत 1980 च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य वैद्यकातही घट्ट होती. भूल सोसणार नाही या भीतीनं अगदी लहान बाळांवर पुरेशा वेदनाशामकाशिवाय, स्नायू ढिले करणारं औषध देऊन शस्त्रक्रिया होत. त्या औषधानं बाळाला हलता येत नाही, रडता येत नाही; जाणीव मात्र शाबूत. बाळगोळीत निदान गुंगी तरी होती.

हे चित्र बदलायला एक भारतीय डॉक्टर कारण झाला. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद यांनी 1987 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाजवळच्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी ज्यांना फेंटानिल हे वेदनाशामकही दिलं, त्यांच्या शरीरावरचा ताण कमी दिसला, गुंतागुंतही कमी झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं नवजातांनाही भूल आणि वेदनाशमन द्यावं, अशी भूमिका घेतली.

इकडे मात्र 1985 मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्यानं अफू पिकते, तिच्यातून जगभरासाठी वेदनाशामकं बनतात, आणि इथल्या इस्पितळांतून मॉर्फिन, म्हणजे अफूतूनच मिळणारं तीव्र वेदनेवरचं औषध, जवळजवळ नाहीसं झालं. चार-पाच परवाने, शिक्षेची धास्ती. कोण त्या भानगडीत पडणार? एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साठा न्यायचा तर दोन्हीकडची परवानगी. 2014 च्या दुरुस्तीनं मॉर्फिनसह सहा औषधांसाठी देशभर एकच नियम आणि एकच परवाना ठेवला. कायदा सैलावला, पण मधल्या तीस वर्षांत मॉर्फिन हातात न धरलेल्या डॉक्टरांची एक पिढी तयार झाली होती.

सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे. 1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं, शेजारचं चंदगड मुंबई राज्यात राहिलं आणि पुढे महाराष्ट्रात आलं. रुग्णांनी मात्र ती रेघ कधी फारशी मानली नाही. चंदगडचा माणूस बेळगावला येतो. अथणी-रायबागचा मिरजेला जातो, जिथे मिशनरी डॉक्टर वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 पासून आहे. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय 1963 मध्ये निघालं. मुलाला कॅन्सर निघाला, तर पाचेकशे किलोमीटरवरच्या बंगळूरच्या किदवाई कॅन्सर हॉस्पिटलपर्यंतही धाव. 2023 मध्ये महाराष्ट्रानं आपली आरोग्य विमा योजना कर्नाटकातल्या सीमेवरच्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कार्ड कुणाचं यावर दोन सरकारं भांडली. त्या भांडणात पोराच्या दुखण्याचा विषय अर्थातच नव्हता.

खरं तर बरंचसं काम फुकटात होण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये लसीकरणाच्या वेदनेबद्दल सूचना दिल्या : बाळाला आडवं दाबून न धरता कुशीत घ्या, टोचताना अंगावर पाजा, जास्त दुखणारी लस शेवटी द्या. दीड महिन्याच्या बाळाला एका बैठकीत दोन-तीन सुया बसतात, तिथे एवढ्यानंही फरक पडतो. मोठ्या मुलांसाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता 1983 पासून आहे. मराठी पोर आणि कन्नड सिस्टर, दोघांनाही तो बोट ठेवून चालवता येतो. औषधांत पहिलं नाव पॅरासिटामॉल, पण वजनावर : दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला 125 च्या (5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम) सिरपचे 4 ते 6 मिलिलिटर लागतात, 250 च्या सिरपचे त्याच्या निम्मे. घरोघरी 'अर्धा चमचा' चालतो तो बाटलीवरचा आकडा न बघताच. निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचं औषध तर बारा वर्षांखालच्या मुलांना 2011 पासून बंद आहे. जुनी चिठ्ठी दाखवून ते मागणं आता पुरे.

उपकेंद्रातल्या सिस्टरला हे झेपेल का, ही शंका बेळगावात तरी कुणी काढू नये. याच जिल्ह्याच्या खेड्यांत 1620 बाळंतिणींवर झालेला मिसोप्रोस्टॉल या बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा अभ्यास 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला; गोळी देणाऱ्या गावातल्या सिस्टरच होत्या, आणि अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. भाजलेल्या किंवा कॅन्सरच्या मुलाला लागणारं मॉर्फिन ही वेगळी बाब. त्यासाठी अजून बहुतेकदा मोठं शहरच गाठावं लागतं.