चालवा जरूर, पण पायांसाठी

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर सकाळी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबद्दल एक सल्ला हमखास कानावर पडतो: "बाबांना रोज चालवा, विसरणं कमी होईल." चालवावं हे खरं, पण विसरणं कमी होण्याच्या आशेनं नव्हे.

इंग्लंडमधल्या 'डापा' चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ जणांपैकी ३२९ जणांकडून चार महिने सायकल आणि वजनांचा व्यायाम करून घेतला. त्यांची चालण्याची ताकद वाढली. स्मरण आणि विचारशक्तीच्या परीक्षेत मात्र वर्षाअखेर ते व्यायाम न दिलेल्यांपेक्षा किंचित मागेच होते. म्हणून व्यायाम सोडायचा का? अजिबात नाही. फिनलंडमध्ये अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, झालेल्या २१० जणांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात आठवड्यातून दोनदा, वर्षभर घरीच व्यायाम मिळालेल्यांचं परावलंबन सावकाश वाढलं आणि ते पडलेही कमी. माझ्या मते घरच्यांसाठी हाच निष्कर्ष मोलाचा, कारण मांडीचं हाड मोडलं की पुढचं सगळंच अवघड होतं.

चालायला पायांइतकंच लक्षही लागतं. स्मृतिभ्रंशात ते लक्ष तुटपुंजं पडतं, म्हणून चालता चालता "काल कोण आलं होतं?" असं विचारलं की पाऊल अडखळतं. बोलायचं तर थांबून बोलावं. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांपेक्षा सपाट ट्रॅक केव्हाही बरा.

घरात सर्वांत उपयोगी व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं. भक्कम, हातांची खुर्ची भिंतीला टेकवावी आणि शेजारी उभं राहावं. मांड्यांत जोर राहिला तर संडासला बसणं-उठणं जमतं, आणि उठवणाऱ्या सुनेची कंबरही वाचते! चक्कर, छातीत दुखणं किंवा नुकतंच पडणं झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

शिकवायचं कसं? नव्या घटना साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस अल्झायमरमध्ये लवकर झिजतो. अंगवळणी पडलेल्या हालचाली मात्र मेंदूच्या इतर भागांच्या भरवशावर बऱ्याच काळ टिकतात. त्यामुळे लांबलचक सूचना वाया जातात. करून दाखवलेलं उमगतं. वेळ रोज तीच ठेवावी, शक्यतो सकाळची, कारण संध्याकाळी अनेकांची बेचैनी वाढते. "मी केलं मघाशीच" असा नकार आला तर वाद घालू नये. थोड्या वेळानं समोर खुर्ची ओढून आपणच सुरुवात करावी. बरेचदा तेही सोबत उठू लागतात.