गोल फिरवून मान सरळ होत नाही
“मान पुढे आली आहे? रोज दहा वेळा गोल फिरव, होईल सरळ.” हा सल्ला घरोघर ऐकू येतो. फिरवल्याने आखडलेपण घटकाभर सैल होतं, एवढंच. तासन्‌तास वहीवर आणि मोबाइलवर वाकणाऱ्या मुलांत मानेच्या पुढचे, मणक्यालगतचे खोल स्नायू बरेचदा कमजोर असतात. गोल फिरवण्यात त्यांना ताकद मिळत नाही.

त्यासाठी उताणं झोपा, गुडघे दुमडा, डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवा. डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना हलवतो तशी हनुवटी अगदी थोडी गळ्याकडे आणा. 10 सेकंद धरा, सोडा. असं 10 वेळा. जोर लावला की सगळं बिघडतं: कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा जाड स्नायू दोरीसारखा ताठतो आणि काम तोच उरकून टाकतो. म्हणून दोन बोटं त्याच्यावर ठेवा. तो मऊच राहायला हवा. श्वास रोखू नका.

जमलं की हेच बसून करा. जोडीला खांद्याची पाती मागे-खाली ओढा, रबरी पट्टा असेल तर उत्तम. फरकासाठी 6 ते 8 आठवडे द्या. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.