गुणारोपण

गुणारोपण : एखादी व्यक्ती अशी का वागली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या वागण्याचे कारण कुणावर किंवा कशावर तरी ठेवण्याची मानसिक क्रिया. सामाजिक मानसशास्त्रातील ही एक मध्यवर्ती संकल्पना आहे. शब्द रूढ झाला असला, तरी अर्थाच्या दृष्टीने ‘कारणारोपण’ अधिक नेमके ठरले असते. कारण आपण माणसाच्या गुणांकडे जसे बोट दाखवतो तसे परिस्थितीकडेही दाखवतो. कोणत्या वेळी कुणाकडे, हाच या अभ्यासाचा विषय.

त्याची सुरुवात ऑस्ट्रियात जन्मलेल्या आणि १९३० मध्ये अमेरिकेत गेलेल्या फ्रिट्झ हायडर (१८९६–१९८८) यांच्यापासून मानतात. १९४४ मध्ये त्यांनी मारिअन सिमेल यांच्यासह एक छोटा चलच्चित्रपट तयार केला. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ एवढेच इकडेतिकडे सरकतात. मध्ये एक चौकट असते आणि तिची एक बाजू दारासारखी उघडते. काय दिसले ते लिहा, असे सांगितल्यावर पहिल्या गटातील ३४ विद्यार्थिनींपैकी केवळ एकीने आकृत्यांच्या हालचालींचे वर्णन केले. बाकीच्यांनी गोष्टच लिहिली : मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरते, लहान त्रिकोण त्याच्या मदतीला धावतो. जिथे मनच नाही तिथेही माणसाला हेतू दिसतो, इतकी ही सवय खोल आहे. सामान्य माणूस रोजच्या व्यवहारात आपल्या परीने मानसशास्त्रज्ञच असतो, हा विचार हायडर यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला.

हॅरल्ड केली यांनी १९६७ मध्ये या सवयीमागचा हिशोब उलगडून दाखवला. समजा, पंगतीत काकांना आमटी तिखट लागली. सगळ्याच पाहुण्यांना ती तिखट लागली असेल, तर कारण आमटीत आहे. इतरांना ती ठीक वाटली आणि काका कुठेही गेले तरी जेवण तिखट म्हणत असतील, तर कारण काकांच्या जिभेत. एरवी याच घरची आमटी ते वाटी वाटी मागून घेत असतील आणि आजच कुरकुरत असतील, तर त्यांचे तोंड आले असावे. केली यांनी या तीन कसोट्यांना सहमती (इतरांनाही तसेच वाटते का), वेगळेपण (याच गोष्टीबद्दल तसे वाटते की सगळ्याच) आणि सातत्य (दर वेळी तसेच वाटते का) असे म्हटले. माणूस नेहमी एवढा हिशोब करतो असे मात्र नाही. बहुतेकदा माहितीही नसते आणि सवडही नसते.

तेव्हा काय होते, ते एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांच्या १९६७ च्या प्रयोगात दिसले. वाचकांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोंच्या बाजूचे किंवा विरोधातले निबंध दिले गेले. कोणती बाजू घ्यायची हे लेखकाला ठरवून दिले होते, हे स्पष्ट सांगूनही वाचकांनी निबंधातले मत काही प्रमाणात लेखकाचे स्वतःचेच मानले. परिस्थितीचा दाब समोर दिसत असतानाही वागण्याचे मूळ स्वभावात शोधण्याच्या या ओढीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत गुणारोपण दोष’ असे नाव दिले. ‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण ज्या सहजतेने म्हणतो, तीच ही ओढ.

पण ‘मूलभूत’ हे विशेषण फार मोठे आहे, आणि त्याला सर्वांत भक्कम आव्हान भारतातून मिळाले. जोन मिलर यांनी शिकागो आणि मैसूर येथील प्रौढांना, तसेच ८, ११ आणि १५ वर्षांच्या मुलांना ओळखीच्या माणसांच्या चांगल्या-वाईट वागण्याची कारणे विचारली. त्यांचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. मैसूरहून आलेली एक हकिकत अशी : मोटारसायकलचे मागचे चाक फुटले, मागे बसलेल्याने उडी मारली आणि त्याचे डोके आपटले. चालवणारा व्यवसायाने वकील. त्याने जखमीला दवाखान्यात पोचवले, पण इजा किती गंभीर आहे हे डॉक्टरांना न विचारताच तो कोर्टाच्या कामाला निघून गेला. पुढे जखमी दगावला. वकील असा का वागला? अमेरिकी प्रौढांचा भर त्याच्या बेजबाबदारपणावर होता. मैसूरकडच्यांनी त्याचे कोर्टातले कर्तव्य पुढे केले. जखमीची अवस्था तेव्हा तितकी गंभीर दिसली नसेल, असेही म्हटले. आठ वर्षांच्या मुलांत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे माणसाकडे पाहण्याची ही रीत जन्मजात नाही, ती भोवतालच्या समाजात वाढताना अंगवळणी पडते.

यावरून आपली पाठ थोपटून घेता येत नाही. डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी यांनी १९७४ मध्ये दक्षिण भारतातील हिंदू कारकुनांकडून हिंदू आणि मुस्लिम व्यक्तींच्या वागण्याची कारणे मागितली. आपल्या धर्माच्या माणसाचे चांगले वागणे त्यांनी त्याच्या स्वभावावर घातले आणि वाईट वागणे परिस्थितीवर; दुसऱ्या धर्माच्या माणसाला मात्र तशी सवलत मिळाली नाही. परिस्थिती समजून घेण्याची क्षमता असूनही ती कुणासाठी वापरायची हे आपण आधीच ठरवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण अभ्यासशाखेतला समाजाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर निष्कर्ष हाच आहे.

स्वतःच्या बाबतीत ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण पुरेशी आहे : यश माझ्यामुळे, अपयश परिस्थितीमुळे. मात्र स्वतःला ओळखण्याचा प्रश्न याहून खोल आहे. डॅरिल बेम यांच्या स्व-संवेदन सिद्धांतानुसार आतले संकेत अस्पष्ट असतात, तेव्हा माणूस स्वतःलाही बाहेरून, वागण्यावरूनच ओळखतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये एका प्रयोगाचे वर्णन केले. दुकानात नायलॉनच्या मोज्यांचे चार अगदी एकसारखे जोड मांडून ग्राहकांना उत्तम जोड निवडायला सांगितले. सर्वांत उजवीकडच्या जोडाला सर्वांत डावीकडच्या जोडापेक्षा जवळजवळ चौपट पसंती मिळाली. कारण विचारल्यावर लोक वीण आणि तलमपणा यांबद्दल बोलले. जागेचा उल्लेख आपणहून कुणीच केला नाही. ते खोटे बोलत नव्हते. आपल्या निवडीचे पटण्याजोगे कारण ते शोधत होते, अगदी परक्याबद्दल शोधावे तसे.

शिक्षणात हा विषय फार मोलाचा आहे. बर्नार्ड वायनर यांच्या मांडणीत कारण आतले की बाहेरचे यासोबत ते बदलणारे आहे का, आणि आपल्या हातात आहे का, हेही पाहतात. ‘मला गणिताचे डोकेच नाही’ म्हणणाऱ्या मुलीने कारण आत ठेवले आणि कायमचेही केले. ‘या वेळी सराव कमी पडला’ म्हणणारीला पुढच्या परीक्षेची वाट मोकळी राहते. विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी १९८२ मध्ये गुणांच्या काळजीत असलेल्या, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील काही विद्यार्थ्यांना एवढेच समजावले की, सुरुवातीचे कमी गुण बऱ्याच जणांच्या वाट्याला येतात आणि पुढे ते सुधारतात. गट लहान होते. पण पुढच्या वर्षाअखेर, हे न ऐकलेल्यांपैकी २५ टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले होते, तर ऐकलेल्यांपैकी ५ टक्क्यांनी.