वाइन उकळली की दारू उडून जाते?

वाइनमध्ये मटण शिजवताना हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘एक उकळी आली की दारू उडून जाते.’ कारणही दिलं जातं: अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा. पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल एकटं सुटत नाही. दोन्हींची वाफ एकत्रच होते. वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त असतं, एवढंच.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार मंद आचेवर १५ मिनिटांनी सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने २५, अडीच तासांनी ५ टक्के. पेटवून ज्वाळा काढल्या तरी तब्बल ७५ टक्के राहतं! झाकण ठेवलं तर उडणं आणखी मंदावतं. पसरट भांड्यात ते वेगाने होतं.

१३ टक्क्यांची २५० मिली वाइन घेतली, तर त्यात साधारण ३२ मिली अल्कोहोल असतं. तासाभराने त्यातलं ८ मिली भांड्यातच असतं. सहा जणांत वाटलं तर नशा येणार नाही, हे खरं. पण धर्मामुळे, गरोदरपणामुळे किंवा व्यसन सोडल्यामुळे जो थेंबही टाळतो, त्याला ‘यात आता काही नाही’ म्हणून वाढणं मला अजिबात पटत नाही. आधी सांगायलाच हवं.

अशा पाहुण्यासाठी वाइनऐवजी मटणाचं सूप आणि थोडं व्हिनेगर घाला. दालचिनी-लवंगेचा सुगंध अल्कोहोलमध्ये चांगला उतरतो, पण तेलातही उतरतो. म्हणून मसाले आधी मंद आचेवर तेलात परता.