डब्ल्यूएनबीए हंगामावरील भाकीत बाजार : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

अमेरिकेतील महिला बास्केटबॉल लीगच्या, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या, खेळाडू संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये लीगशी केलेल्या सामूहिक करारातून (पगार व कामाच्या अटी ठरवणाऱ्या करारातून) मुदतीआधी बाहेर पडण्याचे जाहीर केले. त्यामुळे 31 ऑक्टोबर 2025 रोजी संपणारा करार दोनदा वाढवून 9 जानेवारी 2026 पर्यंत नेण्यात आला, आणि 2026 चा हंगाम वेळेवर होणार का, हा प्रश्न चर्चेत आला. अशा प्रश्नावर ‘होय’ किंवा ‘नाही’ ही बाजू विकत घेण्याची सोय भाकीत बाजारात असते. 60 सेंटला घेतलेली बाजू खरी ठरली तर 1 डॉलर मिळतो, खोटी ठरली तर काहीच मिळत नाही.

अमेरिकेत हे व्यवहार कमोडिटी फ्यूचर्स ट्रेडिंग कमिशनच्या देखरेखीखाली चालतात. ‘कालशी’ या भाकीत बाजार चालवणाऱ्या कंपनीला या आयोगाची मान्यता 2020 मध्ये मिळाली. अमेरिकेत राहणाऱ्या अर्जदाराचे वय 18 वर्षे पूर्ण असावे लागते. खाते उघडताना कायदेशीर नाव, जन्मतारीख, राहता पत्ता व सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकारने दिलेला ओळख क्रमांक) द्यावा लागतो, आणि पडताळणीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट मागितला जाऊ शकतो. बँक खाते स्वतःच्याच नावावर हवे. आपल्याकडील पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधल्या जागी असते आणि अमेरिकेतील लायसन्सवर किंवा बँकेत ते गळलेले असते, अशा वेळी पडताळणी अडू शकते. म्हणून सर्व ठिकाणची नावे आधीच जुळवून घ्यावीत.

खेळाडू, प्रशिक्षक, संघ व लीगचे कर्मचारी, तसेच वाटाघाटींची आतली माहिती असलेल्या कोणीही अशा व्यवहारात उतरू नये. हंगामावर खेळाडूंचा वर्षभराचा पगार अवलंबून असताना त्यांच्या बैठकीतील माहितीवर पैसे कमावणे मला तरी सरळ अन्याय वाटतो.

पैसे भरण्यापूर्वी त्या प्रश्नाची नियमावली शब्दन्‌शब्द वाचावी, कारण निकाल मथळ्यावरून लागत नाही, नियमावलीवरून लागतो. 2020 मध्ये करोनामुळे मे महिन्यातील सुरुवात पुढे गेली, 36 सामन्यांच्या जागी प्रत्येक संघाचे 22 सामने झाले आणि तेही फ्लोरिडातील ब्रॅडेंटन येथे एकाच संकुलात, 25 जुलैपासून. मग तो हंगाम झाला असे धरायचे की नाही? पहिला सामना अमुक तारखेपूर्वी व्हावा, अशी अट असेल तर उत्तर ‘नाही’ येऊ शकते. हंगामात एक तरी सामना व्हावा, एवढीच अट असेल तर ‘होय’. अंतिम तारीख, निकालासाठी मान्य केलेला स्रोत, आणि हंगाम लांबल्यास किंवा छोटा झाल्यास काय धरले जाईल, या तीन गोष्टी नियमावलीत स्पष्ट नसतील तर त्या प्रश्नापासून दूर राहावे. आपण राहतो त्या राज्याची भूमिकाही तपासावी, कारण नेवाडा, न्यू जर्सी व मेरीलँड या राज्यांनी 2025 मध्ये खेळांवरील अशा भाकीत व्यवहारांवर हरकत घेतली आणि प्रकरणे न्यायालयात गेली.

भारतात राहणाऱ्यांनी मात्र हा अर्ज भरू नये. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली आणि त्यानंतर ‘प्रोबो’सारख्या भारतीय भाकीत मंचांनी पैशांचे व्यवहार थांबवले. असे मंच आपल्या नियमनाखाली येत नाहीत, हे सेबीने एप्रिल 2025 मध्येच बजावले होते. शिवाय परदेशी बाजारात मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) भरण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेतून, पैसे पाठवता येत नाहीत. अमेरिकेतून कायमचे परतणाऱ्यांनी हाती असलेल्या बाजू विकून, रक्कम आपल्या बँकेत वळवून आणि कर विवरणासाठी वर्षभराचा तपशील उतरवून घेऊन मगच खाते बंद करावे.