‘कॅण्डिड’ म्हणजे नेमकं काय? सहलीतल्या फोटोंच्या वादाची पार्श्वभूमी

आमच्या ठाण्यातल्या फोटो ग्रूपच्या प्रदर्शनात यंदा प्रवासातल्या कॅण्डिड, म्हणजे पोज न देता सहज टिपलेल्या, फोटोंचा वेगळा विभाग आहे आणि त्याला नियम लावलाय की फोटोतला माणूस कॅमेऱ्याकडे बघत असेल तर फोटो बाद. त्यावरून ग्रूपवर रोज भांडण चालू आहे, नवीन आलेल्यांना हे सगळं कुठून आलं ते कळत नाही, म्हणून लिहितोय.

फार जुनं थोडक्यात सांगतो. १८५३ ला ठाण्याला पहिली गाडी आली त्या काळात फोटोसाठी माणसाला अजिबात न हलता बसावं लागायचं, त्यामुळे सहज टिपणं वगैरे विषयच नव्हता. १८६३ आणि १८६६ ला मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या फोटोंचे दोन खंड लंडनला छापले गेले, त्यात माणसांचे फोटो वेगळे काढलेत आणि मागे मुंबईतली ठिकाणं नंतर जोडलीत. म्हणजे ‘लोकजीवन’ म्हणून जे दाखवलं त्यात जोडकाम तेव्हापासून आहे. हातात मावणारा, ३५ एमएमचा रोल लागणारा लायका कॅमेरा १९२५ ला विक्रीला आला आणि मग चालता चालता फोटो काढणं आणखी सोपं झालं.

आता शब्दाकडे येतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढरा, स्वच्छ. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे पांढराशुभ्र झगा घालायचे म्हणून कॅण्डिडेट. इंग्रजीत पुढे त्याचा अर्थ मोकळा, आडपडदा न ठेवणारा असा झाला. ‘नकळत’ हा अर्थ यात कुठेच नव्हता! १९३० च्या आसपास लंडनच्या एका साप्ताहिकाने हा शब्द एका जर्मन फोटोग्राफरच्या कामाला लावला, तो परिषदांमध्ये आणि मेजवान्यांमध्ये पुढाऱ्यांचे गुपचूप फोटो काढायचा, आणि तिथून मोकळेपणा आणि गुपचूपपणा एकाच शब्दात जाऊन बसले. आपल्याकडे तो घराघरात पोचला लग्नांमुळे. कॅण्डिडवाला वेगळा, ट्रॅडिशनलवाला वेगळा, दोघांचे रेट वेगळे, आणि त्यातला कॅण्डिडवालाच सांगणार की ताई इकडे बघू नका, हसत हसत चालत या. सहलीत पण आता तेच, ‘माझा एक कॅण्डिड काढ ना’ म्हणून पोरं धबधब्याकडे तोंड करून उभी राहतात.

रोलच्या काळात आम्ही हा शब्द ऐकलाच नव्हता. आधी घरात आग्फा क्लिक थ्री कॅमेरा, एका रोलमध्ये १२ फोटो, ऐंशीच्या दशकात हॉट शॉट, नंतर केबी-१० आला तेव्हा ३६. माथेरानला नाहीतर महाबळेश्वरला गेलं की प्रत्येक पॉइंटवर एकच फोटो, सगळे ओळीत, बाबा मोजून सांगायचे अजून किती उरलेत. उरलेले दोन-तीन गणपतीपर्यंत तसेच कॅमेऱ्यात राहायचे आणि मग रोल धुवायला जायचा. प्रिंट आल्या की अल्बममध्ये ओळीतले लागायचे आणि बिघडलेले, म्हणजे आत्या कणीस खाताना, आजोबा टॉय ट्रेनच्या बाकावर झोपलेले, असले सगळे पाकिटातच राहायचे. आज घरात कोणीही जुने फोटो मागितले तर ते पाकीट मागतात, अल्बम नाही. त्या फोटोतल्या प्रत्येकाला माहीत होतं की कॅमेरा बाबांच्या हातात आहे, कोणीही लपून काढलेला नव्हता.

नंतर सगळं भराभर झालं. फोनमध्ये कॅमेरा, २०१० ला इन्स्टाग्राम, २०१५ ला आयफोनचे लाइव्ह फोटो ज्यात क्लिकच्या दीड सेकंद आधीचं आणि नंतरचं पण राहतं. फोटो फुकट झाला आणि अनोळखी माणसाचा फोटो काढणं सोपं झालं. लोकांनी पण विरोध सुरू केला, जपानमधल्या क्योटोच्या गिओन भागात गेइशांच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक वेशातल्या कलावंत बायकांच्या, मागे पर्यटक धावायला लागले तेव्हा २०१९ ला खाजगी गल्ल्यांमध्ये फोटोबंदीचे आणि १०,००० येन दंडाचे बोर्ड लागले. आपल्याकडे २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल आला, पण घाटांवर आणि जत्रांमध्ये लांब लेन्स घेऊन फिरणं काही कमी झालेलं नाही.

ग्रूपमधलं भांडण दोन फोटोंवरून पेटलं. एक ऐरोलीच्या फ्लेमिंगोच्या बोटीतला. सगळे पक्ष्यांकडे बघतायत आणि एका मेंबरची आई मागे वळून ‘अरे ते बघ’ म्हणतेय, थेट लेन्समध्ये बघून, कारण लेन्सच्या मागे तिचा मुलगा आहे. दुसरा वाराणसीचा, दूरचं जवळ आणणाऱ्या २०० एमएमच्या लेन्सने लांबून काढलेला, घाटावर अंघोळ करून केस पिळणारी बाई, तिला काही पत्ता नाही. नियमाने पहिला बाद, दुसरा पास. नियमाच्या बाजूचे म्हणतात की नजर भिडली की माणूस सावरून बसतो, आणि ते पुष्कळदा खरं आहे हे मला मान्य आहे. पण त्या आईच्या चेहऱ्यावर सावरणं कुठे आहे ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही, आणि त्या बाईला विचारलं होतं का याला पण उत्तर आलेलं नाही.

सध्या बोटीतला फोटो ‘पोर्ट्रेट’ विभागात हलवलाय. वाराणसीचा जिथे होता तिथेच आहे.